'डिअर इव्हान हॅन्सन' बघितलं आणि त्याची आई डोक्यातून जाईना

ह्यावर कधीपासून लिहायचं होतं. 'डिअर इव्हान हॅन्सन' हे म्युझिकल, म्हणजे गाण्यांचं नाटक, सप्टेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर बंद झालं, त्याच उन्हाळ्यात मी आणि माझा मोठा मुलगा न्यू जर्सीतल्या एडिसनहून ट्रेन पकडून बघून आलो, तो तेव्हा नुकताच अकरावीत जाणार होता. त्याला सगळी गाणी पाठ, गाडीत दुसरं काही लावूच द्यायचा नाही. पण नुसत्या गाण्यांवरून गोष्ट अर्धीच कळते कारण मधले प्रवेश अल्बममध्ये नाहीतच. (पुढे सगळी गोष्ट सांगितलीये, बघायचं राहिलं असेल तर आधी बघा.)

इव्हान शाळेच्या शेवटच्या वर्षाला. झाडावरून पडून हात प्लास्टरमध्ये, मित्र कोणी नाही, चारचौघांत बोलायचं म्हटलं की तळहाताला घाम. थेरपिस्टने सांगितलंय रोज स्वतःलाच 'डिअर इव्हान हॅन्सन' असं एक पत्र लिही, आजचा दिवस चांगला जाणार आहे आणि का ते लिही. असं एक पत्र शाळेच्या प्रिंटरवरून कॉनर मर्फीच्या हाती लागतं, तोही तितकाच एकटा, फक्त ह्याचं एकटेपण गप्प आणि त्याचं चिडकं. प्लास्टरवर सही करणारा अख्ख्या शाळेत तेवढा एकच, भल्यामोठ्या अक्षरात. मग कॉनर आत्महत्या करतो आणि ते पत्र त्याच्याजवळ सापडतं, त्याच्या आईबाबांना वाटतं आपल्या मुलाने मित्राला लिहिलंय, म्हणजे त्याला कोणीतरी मित्र होता! त्या माऊलीच्या चेहऱ्याकडे बघून इव्हानच्या तोंडून नाही निघतच नाही. आणि मग एक खोटं लपवायला दुसरं, दुसरं लपवायला तिसरं, घरच्या ओळखीतल्या जॅरेडला हाताशी धरून जुन्या तारखांचे खोटे ईमेलसुद्धा बनवतात.

मला सगळ्यात आधी लागला तो सुरुवातीचा साधा प्रसंग. आई कामावर निघालीये, जेवण मागव म्हणून वीस डॉलर ठेवलेत आणि तो मागवत नाही, कारण डिलिव्हरीवाल्याशी दारात बोलावं लागणार, सुट्टे पैसे परत देईपर्यंत त्याच्यासमोर गप्प उभं राहावं लागणार. आपण ह्याला आळस म्हणतो, लाजाळूपणा म्हणतो, मोठा झाला की बोलेल म्हणून सोडून देतो, पण त्या पोराला ते अर्धं मिनिट डोंगराएवढं वाटतंय हे ज्याने कोणी लिहिलं (संवाद स्टीव्हन लेव्हेन्सनचे, गाणी बेन्ज पासेक आणि जस्टिन पॉल ह्या जोडीची) त्याला मुलं खरंच कळलीयेत. आणि गाण्यांचा उपयोगही काय सुंदर केलाय. आपल्याकडे संगीत नाटकात पद आलं की गोष्ट जरा थांबते, पद रंगतं, वन्स मोअर येतो. इथे बोलताना प्रत्येक वाक्यात अडखळणारा मुलगा फक्त गाताना सलग बोलतो.

स्टेजवर माणसं फक्त आठ. बाकी सगळे स्क्रीन, त्यावर पोस्ट, कमेंट, व्हिडिओ सरकत असतात. मध्यंतराच्या आधी इव्हानचं कॉनरच्या आठवणीतलं भाषण व्हायरल होतं आणि तू एकटा नाहीयेस असं सांगणारं ते प्रसिद्ध गाणं येतं, थिएटरभर नाकं ओढल्याचे आवाज. मीही रडले. पण ते सगळं एका बनावट मैत्रीवर उभं आहे हे आपल्याला माहीत असतं, ज्या मुलाच्या नावाने लाखो लोक एकमेकांना धीर देतायत त्याला जिवंतपणी कोणी लंचला शेजारी बसायला बोलावलं नव्हतं. मला ते गाणं म्हणूनच आवडतं आणि म्हणूनच त्रासही होतो.

आणि हायडी, इव्हानची आई. नवरा सोडून गेलेला, हॉस्पिटलमधलं काम, वर रात्रीचे क्लास. मर्फींच्या घरी ती जेवायला जाते तेव्हा तिला कळतं की आपला मुलगा इतके दिवस इथेच असतो, इथेच जेवतो, आणि ते लोक कॉनरच्या कॉलेजसाठी ठेवलेले पैसे इव्हानला द्यायला निघालेत. प्रेमानेच देतायत हो, पण ती आतून किती मोडली असेल. मला तर तिथे पोटात कालवलं. शेवटी सगळं उघड झाल्यावर, झाडावरून पडणं हा अपघात नव्हता हेही तिला कळल्यावर, ती सोफ्यावर त्याच्याजवळ बसून गाते, मोठं संगीत काही नाही, स्क्रीनही नाहीत. बाबा सामान न्यायला ट्रक घेऊन आला होता त्या दिवसाची आठवण. छोटा इव्हान ट्रक बघून खूश झाला होता, आणि रात्री विचारत होता की आता आईला न्यायला दुसरा ट्रक येणार का. बास, तिथे मी पर्समध्ये टिश्यू शोधायचंही सोडून दिलं.

माझी एक तक्रार मात्र आहे आणि ती कॉनरबद्दल. दुसऱ्या अंकापर्यंत तो इव्हानच्या मनातलाच कॉनर उरतो, खरा कॉनर कसा होता ते कोणालाच फारसं विचारावंसं वाटत नाही. बहीण झोई तेवढी स्पष्ट बोलते, त्याने मला त्रास दिलाय, मला रडू येत नाही. वडील लॅरी बेसबॉलचा कोरा ग्लोव्ह काढून इव्हानला शिकवतात, शेव्हिंग क्रीम कसं चोळायचं, रबरबँड लावून गादीखाली कसा ठेवायचा, जे मुलासोबत करायचं राहिलं ते. एवढ्यातच कॉनरची पोकळी जाणवते, अजून हवी होती. इव्हानला माफीही जरा लवकर मिळते असं मला वाटतं.

परतीच्या ट्रेनमध्ये मुलगा म्हणाला, "आई, हायडीला काही दिसत नव्हतं असं नाहीये, तोच फाइन फाइन म्हणायचा."
"तूही तेच म्हणतोस."
"सगळेच म्हणतात अगं."

इथे आपल्या लोकांत मुलांना विचारलं काय जातं, मंडळाच्या गणपतीत भेटलं की एसएटी (कॉलेज प्रवेशाची परीक्षा) किती, एपी (शाळेतच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे विषय) किती घेतल्यास, कुठे अप्लाय करणार. झोप लागते का, डबा कोणाबरोबर खातोस, हे कोणी विचारत नाही, आणि थेरपिस्टकडे न्यायचं तर चार घरांत कुजबुज. मला ह्याचा खरंच राग येतो. मन फार खचलं तर कोणाशी तरी बोलायला अमेरिकेत ९८८ आणि भारतात टेलि-मानसचा १४४१६, दोन्ही नंबर फुकट आणि चोवीस तास आहेत, मुलांच्या फोनमध्ये असू द्या, आपल्याही.

आता ज्यांना नाटक बघायला मिळत नाही ते २०२१ चा सिनेमा बघतात. त्यात अलानाला, म्हणजे सगळ्या क्लबांत पुढे असणाऱ्या हुशार मुलीला, नवीन गाणं दिलंय, हसऱ्या पोरांच्याही आत काय चालतं ते सांगणारं, ते छान जमलंय. पण नाटकाची सुरुवात ज्या गाण्याने होते, दोन्ही आया आपापल्या घरात मुलाशी कसं बोलायचं ते सुचत नाहीये म्हणून गातात, तेच काढून टाकलं, त्यामुळे हायडीचं शेवटचं गाणं एकदम कुठूनतरी आल्यासारखं वाटतं. सिनेमाच बघणार असाल तर आधी ब्रॉडवेच्या अल्बममधलं ते पहिलं गाणं ऐका आणि मग सुरू करा.