चटणी कधीची, आप्पा?

खान्देशातला माणूस भरताचं वांगं घेताना पाहावा. आधी हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतो. हलकं निघालं तर खूश, कारण बी कमी. मग देठ हिरवा आहे का, कुठे किडीचं बारीक भोक तर नाही, साल तकतकीत आहे का. अर्धी पाटी उलटीपालटी करून तीन वांगी उचलतो आणि भावावरून हुज्जत घालतो ती वेगळीच. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्या आज्या ते काम त्याआधीपासून अंगठ्याने दाबून करत होत्या.

तोच माणूस संध्याकाळी धुळ्यात पाचकंदीलकडे एखाद्या गाडीवर उभा राहिला की एकच चौकशी करतो. 'आप्पा, तिखट आहे ना?' चटणी कधीची, पाणी कुठलं, बटाटे कधी उकडले, यातलं एकही अक्षर तोंडातून निघत नाही.

माहीत नसतं म्हणून नव्हे. पेपरात वाचलेलं असतं, मोबाइलवर तर रोजच येतं. आड येते ती भीड. वांगेवालीशी भांडता येतं, पण गाडीवाला घरचा माणूस. त्याला आपल्याला कांदा किती लागतो ते ठाऊक, मुलगा कितवीत आहे तेही ठाऊक. त्याला 'पाणी कुठून आणता?' विचारायचं म्हणजे त्याच्या चुलीवर संशय घेणं. भीड भिकेची बहीण म्हणतात. गाडीवर ती जुलाबाचीही सख्खी नातेवाईक आहे.

आणि भीती घेतोच तर आपण ती भलत्या ठिकाणी घेतो. सगळ्यांची नजर कढईवर. तेल काळं आहे का, धूर येतोय का. तेही बघावंच. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात जे नको ते तयार होतं, आणि त्यातल्या पोलर घटकांना, म्हणजे तेल किती बिघडलं ते सांगणाऱ्या घटकांना, 25 टक्क्यांची मर्यादा 1 जुलै 2018 पासून लागूही आहे. पण ते नुकसान सावकाशीचं. उद्या सकाळी तुम्हाला आडवं करणारी गोष्ट बहुधा कढईत नसते, कढईच्या शेजारी असते. हिरव्या चटणीचा डबा, सकाळी चिरून ठेवलेला कांदा, प्लेटा विसळायची बादली, आणि सुट्टे पैसे मोजून तसाच कोथिंबिरीत जाणारा हात. यातल्या कशालाच जाळ लागत नाही.

'तळलं की सगळं मरतं' हा आपला मोठा आधार. तो अर्धाच खरा आहे. हातावरच्या जखमेतून, नाकातून स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू उकडलेल्या बटाट्यात शिरतो आणि सारण तासन्‌तास उघडं पडलं की विष सोडतो. पुढे उकळत्या तेलात जंतू मरतो, पण ते विष उष्णतेला पुरून उरतं. म्हणजे वडा गरम, खमंग, कुरकुरीत, आणि तरी रात्री दोनला घरातले दिवे लागलेले. चायनीजच्या गाडीवर सकाळी शिजवून ठेवलेल्या भाताचंही तसंच. त्यातला जंतू वेगळा, खोडी तीच.

त्यातून आमचं हवामान. साधारण 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या मधे अन्न रेंगाळलं की जंतूंचं फावतं, आणि बरेचसे रोगजंतू माणसाच्या अंगाइतक्या, म्हणजे 37 अंशांच्या आसपासच्या उबेत सर्वांत जोमाने वाढतात. मे महिन्यातली आमची संध्याकाळ त्यांच्यासाठी मापं घेऊन शिवलेली! सगळं मनासारखं जमलं तर काही जंतू दर 20 मिनिटांनी दुप्पट होतात. एकापासून सुरुवात करा, सात तासांत वीस लाखांवर आकडा जातो. दुपारी बाराला वाटलेली चटणी संध्याकाळी सातला आपल्या प्लेटमध्ये येते, तेव्हा हा हिशेब डोक्यात आला की पुढचा घास जरा सावकाश उचलला जातो.

पाण्याची गोष्ट आणखी आमची. खान्देशातल्या कित्येक गावांत नळाला रोज पाणी येत नाही. येईल तेव्हा ड्रम भरायचे, पुढची पाळी येईपर्यंत पुरवायचे. घराघरात हेच, मग गाडीवाल्याच्या घरी निराळं कसं असणार? साठवलेल्या पाण्यात दिवसभर तांब्या बुडत राहतो, मूठभर बोटांसकट. त्याला बेफिकीर म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण नळ जिथे दिवसांनी येतो तिथे प्रत्येक प्लेट वाहत्या पाण्याखाली कोण धुणार?

रसवंतीवरचा बर्फ हा तर निराळाच अध्याय. खायचा नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून त्यात निळा रंग घालायचा, असा नियम राज्यात 2018 च्या जूनपासून आला. कल्पना झकास. पण गोणपाटात गुंडाळलेली लादी रस्त्यावर आपटून फोडली की निळी काय, पांढरी काय, सगळी मातकटच. पंचेचाळीस अंशांत घुंगरांचा आवाज कानी पडला की 'बर्फ नको' म्हणायला फार मोठा संयम लागतो. मी म्हणतो, कधी कधी.

एवढं असून गाडीवर गर्दी का? कारण चोर सापडत नाही. चटणीतून विषमज्वर आला तर एक-दोन आठवड्यांनी येतो. पाण्यातून पसरणाऱ्या काविळीला तर महिनाही लागतो. तोवर आपण कुठे कुठे खाल्लं ते आठवत नाही, आणि बिचाऱ्या आदल्या दिवशीच्या लग्नातल्या जेवणावर आळ येतो. जे लगेच चार तासांत उलटतं, त्यालाही आमच्याकडे तयार उत्तर आहे: ऊन लागलं. खान्देशातलं ऊन हा फार सोयीचा आरोपी आहे. त्याच्यावर काहीही टाका, लोकांना पटतं.

म्हणून मी काही गाडी सोडलेली नाही. भत्ता बेधडक खातो. मुरमुरे, शेव, फुटाणे कोरडे, तिथे जंतूचं फारसं चालत नाही. भजी डोळ्यांदेखत कढईतून निघालेली घेतो, चटणीऐवजी तळलेली मिरची. रद्दीच्या कागदावर नको म्हणतो, कारण गरम तेलात छपाईची शाई उतरते. अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही 2016 मध्येच तसं बजावलं होतं. आणि गाडीवर चौदा आकडी नोंदणी क्रमांक दिसतो का ते बघतो. 2006 चा अन्नसुरक्षा कायदा 5 ऑगस्ट 2011 ला लागू झाला तेव्हाच फिरत्या गाडीलाही नोंदणी आली, त्या वेळी वर्षाला 100 रुपयांत.

परवा एका गाडीवर तो क्रमांक लिंबू-मिरचीच्या मागे अर्धा झाकलेला दिसला. भीड बाजूला ठेवून विचारलं, 'आप्पा, चटणी कधीची?'

'आजनीच शे भाऊ. काही व्हस नही, खा बिनधास्त.'

'आणि तेल?'

आता मात्र त्यांनी झारा खाली ठेवला. 'रोज नवं टाकसू ना भाऊ. पन पलेट पंचवीसनी तीस करसू. चाली?'

मी तोंड उघडायच्या आत बाकावरचे शेजारी मिरचीचा देठ टाकत म्हणाले, 'बाजूले वीसमा भेटस.'