गुलाबी कापड वर्षातून दोनदाच

मी शाळेत कायम काठावर पास, बक्षीस एकही नाही, त्यामुळे स्मरणिकेसाठी लिही असा मेसेज आला तेव्हा आधी वाटलं की चुकून आलाय. पण हॉस्टेलच्या जुन्या मुलींना आठवत असेल, चॅपलमागच्या कपाटाची किल्ली तीन वर्षं माझ्याकडे होती.

मी ख्रिश्चन नाही. सिस्टरांनी किल्ली दिली ती मला इस्त्री बरी जमते म्हणून. काम एवढंच, बायबल वाचायच्या स्टँडवरून पुढे लोंबणारं कापड चर्चच्या वर्षातल्या त्या त्या काळाच्या रंगाप्रमाणे बदलायचं.

नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ, तेव्हा जांभळं. मला भारी घाई, डिसेंबर लागला की पांढरं काढू का म्हणून मागे लागायचे, सिस्टर म्हणायच्या, वाट बघायचे दिवस आहेत गं, बघ की वाट. बाकी दुनियेचा नाताळ 25 तारखेला संपतो, आमच्या कपाटात तो 25 ला सुरू व्हायचा आणि जानेवारीत, बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांचा सण होईपर्यंत पांढरं हलायचं नाही.

गुलाबी मात्र वर्षातून फक्त दोन दिवस, आगमनकाळाचा तिसरा रविवार आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा चौथा, म्हणजे अर्धी वाट सरली, जरा आनंद करा. ते कापड शेवटपर्यंत नवं कोरं राहिलं. हिरवं सगळ्यात विटलेलं, कारण साधारण काळ, म्हणजे या मोठ्या सण-उपासांच्या काळांबाहेरचे दिवस, 33-34 आठवड्यांचा, सारखं तेच धुवायचं.

उपवासकाळावरून मी भांडलेही होते. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं, 46 आले, आणि सगळे म्हणतात चाळीस. सिस्टर म्हणाल्या रविवार वगळ, प्रत्येक रविवार हा येशूच्या पुनरुत्थानाचाच दिवस, त्या दिवशी उपास मोजत नाहीत. (गणितात काठावर असले तरी हे बरोबर मोजलं होतं!) त्या बुधवारी कपाळावर लावायची राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आधीचा रविवार) झावळ्या जाळून करतात, म्हणून त्या वाळक्या झावळ्याही वर्षभर माझ्याच कपाटात, रोज केर काढावा लागायचा.

पहिल्याच वर्षी घोळ घातला. गुड फ्रायडेला फादर लाल घालतात हे ऐकलं होतं म्हणून लाल कापडाला कडक इस्त्री करून चॅपलमध्ये गेले तर वेदी उघडी. कापड नाही, मेणबत्ती नाही, फुलं नाहीत, गुरुवारी रात्रीच सगळं काढून ठेवलेलं, घंटासुद्धा बंद. सिस्टर रागावल्या नाहीत, एक टोक त्यांनी धरलं, एक मी, दोघींनी घडी घातली आणि म्हणाल्या, आज काहीच नाही लावायचं. शनिवारी रात्री दिवे घालवून बाहेर विस्तव पेटवला, त्यावर मोठी मेणबत्ती लावून आत आणली, मग दोन दिवसांनी घंटा वाजल्या आणि मी उगाचच रडले. उपवासाचे चाळीस दिवस सगळ्यांना माहीत असतात पण ईस्टरचा सण पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंत, 50 दिवस चालतो हे कोणी बोलतच नाही, आणि पेंटेकॉस्टला माझं ते लाल कापड शेवटी लागलं एकदाचं.

कपाट अजून असेल तर नवीन मुलींनो, उजवं दार वर उचलून मग ओढा, नाहीतर किल्ली अडकते.