दहावीच्या गुणपत्रिकेवर रेल्वेत: माझा अनुभव

रेल्वेत लागायचे तर आयटीआय हवे, नाहीतर आत कोणीतरी ओळखीचे हवे, असा समज कळव्यातील आमच्या चाळीत फार पक्का आहे. माझ्याकडे दहावीची गुणपत्रिका होती आणि वागळे इस्टेटमधील एका छापखान्यात पॅकिंगचे काम केल्याचा अनुभव होता, ज्याला रेल्वेच्या भरतीत काडीचीही किंमत नव्हती. आज मी मध्य रेल्वेत ट्रॅक मेंटेनर, म्हणजे रुळांची देखभाल करणारी कर्मचारी आहे. दहावीपलीकडे विशेष पात्रता लागत नाही हे खरेच आहे, परंतु तिच्या जागी चिकाटी, कागदपत्रे आणि दमसास यांची जी परीक्षा होते, तिच्याविषयी फारसे कोणी सांगत नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

२०१९ च्या सुरुवातीला रेल्वेतील सर्वांत खालच्या श्रेणीच्या, लेव्हल १ म्हणजे पूर्वीच्या ग्रुप डीच्या १,०३,७६९ पदांची जाहिरात आली. दहावी उत्तीर्ण उमेदवार पात्र होते, मात्र एका उमेदवाराला एकाच रेल्वेसाठी अर्ज करता येत होता. ठाणेकरांना मध्य आणि पश्चिम हे दोन्ही पर्याय जवळचे वाटतात, पण पश्चिम रेल्वेचा पसारा थेट गुजरातपर्यंत जातो, तर मध्य रेल्वेचे मुंबई, पुणे, सोलापूर, भुसावळ आणि नागपूर हे पाचही विभाग महाराष्ट्रात मुख्यालय असलेले आहेत. बदली झालीच तर निदान भाषा तरी आपली असावी, एवढ्या एका विचाराने मी मध्य रेल्वे निवडली. महिलांसाठी शुल्क २५० रुपये होते आणि परीक्षेला बसल्यावर ते परत मिळणार होते, त्यामुळे घरात पैशांवरून वाद होण्याचा प्रश्न आला नाही.

खरी दमछाक कागदपत्रांनी केली. माझ्या गुणपत्रिकेवर माहेरचे नाव, आधार कार्डावर सासरचे आणि जातीच्या दाखल्यावर पुन्हा माहेरचे. लग्न झालेल्या बहुतेक बायकांची हीच तऱ्हा असते, आणि ‘पडताळणीच्या वेळी बघू’ असे म्हणून तो विषय मागे पडतो. मी अर्ज गुणपत्रिकेवरील नावानेच भरला आणि नावातील बदल महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करून घेतला. ओबीसी उमेदवारांसाठी आणखी एक बाब महत्त्वाची आहे. राज्याच्या नोकरीसाठी मिळणारा नॉन क्रिमीलेअर दाखला येथे चालत नाही. जाहिरातीत दिलेल्या केंद्र सरकारच्या नमुन्यातील दाखला लागतो आणि विवाहित स्त्रीच्या बाबतीत क्रिमीलेअर आई-वडिलांच्या स्थितीवरून ठरते, नवऱ्याच्या नव्हे. माझे माहेर शहापूर तालुक्यातील असल्याने वडिलांचे उत्पन्नाचे कागद गोळा करण्यासाठी आसनगाव लोकलच्या खेपा झाल्या, आणि सेतू केंद्रातील मुलाला कोणता नमुना हवा हे दाखवण्यासाठी मी जाहिरातीचे ते पान छापूनच सोबत ठेवत असे.

त्यानंतर प्रतीक्षा सुरू झाली. अर्जांची संख्या एक कोटीच्या वर गेली, मग करोना आला. छायाचित्र किंवा सही नियमानुसार नसल्यामुळे लाखो अर्ज बाद ठरले होते, त्यांना डिसेंबर २०२१ मध्ये दुरुस्तीची संधी मिळाली. मध्येच परीक्षा दोन टप्प्यांत घेण्याचे घोषित झाले आणि उमेदवारांच्या आंदोलनानंतर ते मागेही घेतले गेले. प्रत्यक्ष परीक्षा ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२२ या काळात झाली. ९० मिनिटांत १०० प्रश्न होते आणि चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापले जात होते. परीक्षा मराठीतून देता येते, तेव्हा सामान्य विज्ञानासाठी मी आठवी ते दहावीची शाळेचीच पुस्तके पुन्हा वाचली. महागड्या क्लासची गरज मला तरी भासली नाही.

निकालानंतर शारीरिक क्षमता चाचणी होती. महिलांना २० किलो वजन उचलून १०० मीटर अंतर दोन मिनिटांत, वजन खाली न ठेवता पार करायचे असते आणि १,००० मीटर ५ मिनिटे ४० सेकंदांत धावायचे असते (पुरुषांसाठी ३५ किलो आणि ४ मिनिटे १५ सेकंद). दोन्हींसाठी संधी एकच. मी सिमेंटच्या रिकाम्या गोणीत रेती भरून पहाटे खारेगावच्या रस्त्यावर सराव केला. गोणी सैल बांधली की रेती एका बाजूला सरकते आणि मान वाकडी होते, म्हणून तोंड अगदी आवळून बांधावे लागते. सासूबाई घड्याळ घेऊन कठड्यावर बसत आणि वेळ मोठ्याने सांगत, त्यामुळे दूधवाल्यापासून सर्वांना माझा वेग ठाऊक झाला होता.

याच सुमारास एका गृहस्थांनी चार लाखांत ‘थेट ऑर्डर’ काढून देण्याची तयारी दाखवली. डिसेंबर २०२२ मध्येच तमिळनाडूतील काही तरुणांकडून लाखो रुपये घेऊन त्यांना प्रशिक्षण म्हणून नवी दिल्ली स्थानकावर महिनाभर गाड्या आणि डबे मोजायला बसवल्याचे प्रकरण वर्तमानपत्रांत आले होते. ते कात्रण माझ्या पतीने त्या गृहस्थांसमोर ठेवले आणि चहा देऊन त्यांना वाटेला लावले.

कागदपत्रांच्या पडताळणीत राजपत्राची प्रत पाहून अधिकाऱ्यांनी पुढचा प्रश्नच विचारला नाही. वैद्यकीय तपासणीचे शुल्क २४ रुपये होते, मात्र तपासणी कडक होती. पॉइंट्समनसाठी, म्हणजे रुळांचे सांधे बदलणाऱ्यासाठी, चष्म्याविना चांगली दृष्टी लागते, तर ट्रॅक मेंटेनरला मर्यादित नंबरचा चष्मा चालतो. मला चष्मा आहे. त्यामुळे पदांचा पसंतीक्रम देण्यापूर्वीच डोळे तपासून घेतलेले बरे, असे माझे मत आहे.

काम सोपे नाही. रुळाचा एक मीटर लांबीचा तुकडा ६० किलोचा असतो, उन्हाळ्यात खडी तापते आणि मेगाब्लॉकमुळे रविवार घरी मिळेलच असे नसते. मूळ वेतन १८,००० रुपये आणि त्यावर महागाई व घरभाडे भत्ता मिळतो. आमच्या गँगचे मुकादम सुरुवातीला मला पहार देताना कचरत असत, आता देत सुटतात.

२०२५ मध्ये पुन्हा ३२,४३८ पदांसाठी अर्ज मागवले गेले आणि कमाल वय ३६ ठेवले गेले. माझ्या नणंदेने त्या वेळी अर्ज भरायचे ठरवले, तेव्हा आम्ही आधी तिच्या नावाच्या राजपत्राचे काम हाती घेतले आणि पुस्तके नंतर आणली.