खोकी नव्हे, पिंपं

चेक प्रजासत्ताकातल्या प्लझेनला ज्या घरात उतरलो होतो, त्याच्या बेलवर पाटी होती: बेदनार्झोवा. मी ते नाव पहिल्यांदा उच्चारलं तेव्हा सत्तरीच्या मालकीणबाईंनी हसू लपवायला तोंडावर हात धरला. ‘र’ आणि ‘झ’ मागेपुढे नाही, एकदमच म्हणायचे! नवरा बेदनार्श, बायको बेदनार्झोवा. आपल्याकडे कुलकर्ण्यांची कुलकर्णीण होते तसंच, फक्त तिथे ते पासपोर्टवरही चढतं. २०२२ पासून मात्र ‘ओवा’ लावायचं की नाही, हे ज्या त्या बाईने ठरवायचं.

अर्थ विचारला, तर बाईंनी कोपऱ्यातल्या खोक्यावर टिचकी मारली. “बेदना.” मी वहीत लिहून टाकलं: खोकी करणारा.

दुसऱ्या दिवशी तिथल्या प्रसिद्ध बिअर कारखान्यात गेलो. १८४२ मध्ये योझेफ ग्रोल नावाच्या बव्हेरियन माणसाने इथेच ती सोनेरी बिअर पहिल्यांदा केली. खाली तळघरात मैलोन्‌मैल भुयारं, आणि ऐन जुलैत जॅकेट घालावं लागेल एवढी थंडी. ओकच्या अजस्र पिंपाच्या तोटीतून एकाने गाळणी न लावलेली गढूळ बिअर थेट पेल्यात सोडली. ही पिंपं अजूनही कारखान्याचेच कारागीर बांधतात. त्यांना म्हणतात, बेदनार्श.

वहीतली ओळ खोडली. ‘बेदना’ म्हणजे पूर्वी फळ्या जोडून केलेलं लाकडी भांडंच. पुढे तो शब्द खोक्याकडे सरकला आणि पिंपाला ‘सुद’ म्हणू लागले. आडनावात तेवढा जुना अर्थ अडकून राहिला. अठराव्या शतकाच्या अखेरीस दुसऱ्या जोसेफ सम्राटाच्या राज्यात बापाचं आडनाव मुलांनी चालवायचं असा दंडक झाला, त्यामुळे धंदा सुटला तरी नाव सुटलं नाही.

पिंपाचं काम मात्र बघण्यासारखं. पोटाशी रुंद, टोकांना निमुळत्या अशा फळ्या. ना खिळा, ना सरस. लोखंडी कडी हातोडीने ठोकत खाली उतरवायची, की फळ्या एकमेकींना घट्ट भिडतात. मग आत गरम राळ ओतून पिंप गडगडवायचं, म्हणजे बिअरला लाकडाची चव लागत नाही. वाइनवाल्यांना नेमकी तीच चव हवी असते!

आपल्याकडे सुतार, कुंभार, लोहार ही आडनावं आहेत, पण पिंपकार कुठे ऐकला नाही. ऐकणार कसा? ‘पिंप’ हा शब्दच पोर्तुगीजांकडून आलेला. आणि मग एकदम ट्यूब पेटली: कूपर! इंग्रजीत कूपर म्हणजे पिंपं करणारा. १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान (आजच्या भाषेत मुख्यमंत्री) झालेले आमच्या साताऱ्याचे धनजीशा कूपर, आडनावाच्या अर्थाने बघितलं तर बेदनार्शच की!

संध्याकाळी बाईंना ही सगळी कथा ऐकवली. त्यांच्या सासरी पिंप बांधणारा कुणीच आठवत नव्हता. सासरे शिंपी होते म्हणे. मग मालिकेची वेळ झाली तशा त्या उठल्या, टीव्हीवर थाप मारून म्हणाल्या, “ही पण बेदना.” बोलीत टीव्हीलाही खोकंच म्हणतात तिथे.