मिलिशियातला शिपाई: सेवा सिद्ध, कबर अजून बाकी

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या एका शिपायाची सेवा आणि कबर यांचा शोध चाललाय. त्यातला सेवेचा भाग आता बंद करायला हरकत नाही. नॉर्थ कॅरोलिना मिलिशिया (राज्याची नागरिक-फौज), साधा शिपाई, तीन-तीन महिन्यांचे तीन सेवाकाळ. शेवटच्या सेवाकाळात 15 मार्च 1781 ची गिलफर्ड कोर्टहाउसची लढाई. पेन्शनचा अर्ज मात्र टेनेसीतून.

संकलित सेवा-नोंदींत (मायक्रोफिल्म एम 881) नाव नाही, पण त्यावरून काहीच ठरत नाही. 8 नोव्हेंबर 1800 ला अमेरिकी सरकारच्या युद्धखात्याला आग लागली आणि बरेच कागद गेले. शिवाय मिलिशियाच्या याद्या मुळात राज्यांकडे असत. म्हणून इथे पुरावे दोन: रॅले इथल्या नॉर्थ कॅरोलिना राज्य अभिलेखागारातलं पगाराचं व्हाउचर आणि 7 जून 1832 च्या कायद्याखालची पेन्शन फाईल. व्हाउचरवर नावापुढे जिल्हा असतो, आपल्याकडे सॉल्सबरी. एकाच नावाचे दोघे-तिघे निघाले की हाच तपशील उपयोगी पडतो. नुसतं नाव जुळलं म्हणून वंशावळीत चिकटवणाऱ्यांनी या छंदाचं जितकं नुकसान केलंय, तितकं आगीनेही केलं नसेल.

पेन्शन फाईल एम 804 या मायक्रोफिल्ममधूनच काढावी. एम 805 मध्ये मोठ्या फायलींची निवडक पानंच आहेत, आणि वगळलेल्या पानांतच बहुधा शेजाऱ्यांच्या साक्षी असतात. क्रमांकाआधीचं अक्षर पाहा: एस म्हणजे शिपायाचा स्वतःचा अर्ज, डब्ल्यू विधवेचा, आर नामंजूर. आर दिसला म्हणून सेवा खोटी ठरत नाही. सहा महिन्यांपेक्षा कमी सेवा भरली तरी अर्ज फेटाळत.

एक सोपी पडताळणी. 1832 च्या कायद्यात दोन वर्षांच्या सेवेला पूर्ण पगार, म्हणजे पायदळाच्या शिपायाला वर्षाला 80 डॉलर. सहा महिन्यांच्या पुढे त्याच प्रमाणात. आपल्या माणसाला वर्षाला 30 डॉलर मिळत होते. 80 ला 9 ने गुणून 24 ने भागा, बरोबर 30. नऊ महिने सरकारने मान्य केले. घोडेस्वाराचा दर जास्त, तिथे हा हिशेब लावू नये.

आता कबर. सुरुवातीला शोध नॉर्थ कॅरोलिनात चालला होता, तो पूर्ण वाया. शिपाई लढला तिथे पुरला गेला असेल असं धरणं हीच मूळ चूक. युद्धानंतर ही माणसं जमिनीमागे पश्चिमेला सरकत गेली. त्यामुळे शेवटच्या हप्त्यापासून मागे यायचं. पेन्शनच्या खातेवह्यांत (टी 718) दर 4 मार्च आणि 4 सप्टेंबरचे सहामाही हप्ते आहेत. नाव मधेच गायब झालं तर लगेच मृत्यू समजू नका, दुसऱ्या एजन्सीकडे (पेन्शन वाटणाऱ्या कार्यालयाकडे) बदलीची टीप आहे का बघा. खरा ऐवज अंतिम देयकाच्या व्हाउचरमध्ये: मृत्यूची तारीख आणि उरलेली रक्कम घेणाऱ्या विधवेचं किंवा मुलांचं नाव. 1840 च्या जनगणनेत पेन्शनरांची नावं आणि वयं वेगळ्या रकान्यात आहेत. तो कोणाच्या घरी राहत होता ते तिथेच कळतं.

त्या घराच्या जमिनीची विक्रीखतं सध्या वाचून होताहेत. शेत विकताना ‘स्मशानाचा अर्धा एकर वगळून’ असं कलम टाकायची पद्धत होती. ते सापडलं तर जागा मिळाली, नाव नाही. शेतातल्या कबरींवर बहुधा बिनअक्षरी दगडच असतात.

ऑनलाइन कबर-सूचीतली नोंद पुरावा म्हणून धरलेली नाही. दगडाचा फोटो नसेल तर ती कोणाची तरी समजूत. फोटो असला तरी दगड नंतरचा, नुसता स्मारकाचा असू शकतो: संगमरवर घोटीव, अक्षरं यंत्राने कोरलेली, वर रेजिमेंटचं नाव, तर तो 1840 च्या दशकातला नव्हे.

कबर बिनचिन्हांकित ठरली तर सरकारी दगडासाठी व्हीएचा (अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याचा) फॉर्म 40-1330. 6 एप्रिल 1917 पूर्वी सेवा संपलेल्या सैनिकासाठी कोणीही अर्ज करू शकतो, वंशज असण्याची अट नाही. उभा संगमरवरी दगड सुमारे 230 पौंडांचा येतो. तो उतरवायला आणि बसवायला माणसं आपली.

जुना दगड सापडलाच तर मऊ ब्रश आणि साधं पाणी. ब्लीच, तारेचा ब्रश, अक्षरांत खडू, यातलं काहीही नको.