फोटोत न येणारा कारखाना

जर्मनीच्या रूर भागात मी गेले ती गंजलेलं लोखंड टिपायला. बर्न्ड आणि हिला बेशर या फोटोग्राफर जोडप्याने इथल्या झोतभट्ट्या, पाण्याच्या टाक्या, खाणींचे मनोरे वर्षानुवर्षं टिपले. ढगाळ उजेडात, अगदी समोरून. तसं थोडंफार आपल्यालाही जमावं, एवढीच हाव.

दुइसबुर्गचा १९८५ साली बंद पडलेला लोखंडाचा कारखाना आता पार्क आहे. तिकीट नाही, झोतभट्टीवर चढता येतं, जुन्या गॅसच्या टाकीत पाणी भरलंय आणि त्यात लोक चक्क डायव्हिंग करतात! अंधार पडल्यावर रंगीत दिवे लागले आणि ट्रायपॉडांची रांग लागली. शेजारच्याच्या कॅमेऱ्यात डोकावले, तर त्याचा फोटो आणि माझा फोटो सारखाच. वैताग आला. एसेनच्या खाणीवर याहून गर्दी, तिथे थांबलेच नाही.

डॉर्टमुंडचं ह्योर्डे मात्र डोक्यातून जात नाही. इथला पोलाद कारखाना २००१ साली बंद झाला. चिनी कंपनीने तो विकत घेतला, सुटा केला आणि जहाजांवर घालून नेला. अख्खा कारखाना! उरलेल्या जागेत खोदकाम करून २०१० पासून पाणी सोडलं, आणि झाला फिनिक्स तलाव. आता तिथे शिडाच्या होड्या, पांढरे चौकोनी बंगले, सायकली. एका छोट्या बेटावर जुना कन्व्हर्टर, म्हणजे वितळलेल्या लोखंडाचं पोलाद करायचा भलामोठा रांजणच, शोभेला ठेवलाय. लोक त्याच्यासोबत सेल्फी काढतात. जे गेलं त्याचा फोटो कसा काढायचा?

शेवटी तलावाकडे पाठ करून जुन्या घरांचे फोटो काढू लागले. कुत्रा फिरवणारे एक आजोबा थांबले. "तलाव तिकडे आहे," मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाले. मी कारखाना शोधतेय म्हटल्यावर खुलले. वडील तिथेच कामाला होते. आईने दोरीवर घातलेले कपडे वाळेपर्यंत काळपट व्हायचे. आता हवा छान आहे, पण भाडी वाढलीत आणि शेजारी कोण राहतं ते कळत नाही, असं त्यांचं गाऱ्हाणं.

मग त्यांनी मला कठड्यापाशी नेलं. खाली, तलावाला खेटून, एक ओढा वाहत होता. ही एम्शर नदी. कारखान्याच्या दिवसांत ती जमिनीखाली कोंडलेली होती, तो गेल्यावर उघड्यावर आली. पाणी इतकं नितळ की तळातले खडे मोजावेत, आणि दोन्ही काठांना कमरेएवढं गवत. तलावासाठी आलेल्यांपैकी एकही माणूस तिच्याकडे बघत नव्हता.

आजोबांना फोटोसाठी विचारलं. "माझा नको, कुत्र्याचा काढा."

काढला. त्याच्यामागे अर्धं जुनं घर आणि अर्धा नवा बंगला आलाय. दुइसबुर्गचे रंगीत फोटो अजून उघडूनही पाहिले नाहीत. तसले हवेच असतील तर इंटरनेटवर ढिगाने पडलेत.