शिट्टी मागच्या बाकावरून येत होती

२० ऑक्टोबर २०२१ला राज्यातली महाविद्यालयं उघडली, पण फक्त कोविड लशीचे दोन्ही डोस झालेल्यांसाठी. बाकीचे घरून ऑनलाइन मीटिंगच्या लिंकवर. एकाच तासाला दोन वर्ग सांभाळायचे होते, आणि आमच्या महाविद्यालयात माइक-कॅमेऱ्याच्या जोडणीचं काम माझ्याकडे होतं. पहिला तास स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सचा (पदार्थ किती भार पेलतात हे शिकवणारा अभियांत्रिकीचा विषय), म्हणजे सगळा आकृत्यांचा आणि गणितांचा.

हजेरी होते न होते तोच कानठळ्या बसवणारी शिट्टी सुरू झाली. लॅपटॉपचा माइक म्यूट केला तरी चालूच. स्पीकर बंद केला की गप्प. याचा अर्थ आवाज उचलणारा माइक वर्गात दुसराच कुठेतरी होता. हजेरी मीटिंगच्या यादीवरून लागणार असं कुणीतरी पसरवलं होतं, त्यामुळे मागच्या बाकावरची मुलं वर्गात बसूनही मोबाइलवरून जॉइन झाली होती. एकाचा माइक उघडा होता.

मीटिंगचं सॉफ्टवेअर प्रतिध्वनी काढून टाकतं, पण ज्या यंत्रातून आवाज बाहेर पडतो त्याच यंत्राच्या माइकपुरताच. लॅपटॉपचा आवाज शेजारच्या फोनने उचलला तर तो परतलेला आहे हे फोनला कळायचं कारण नाही. म्हणून नियम एकच: खोलीत माइक आणि स्पीकर एकाच लॅपटॉपचे. बाकीच्यांनी जॉइन व्हायचंच नाही, हजेरी कागदावर.

अपवाद फळ्याऐवजी वापरायच्या फोनचा. पूर्ण फळा कॅमेऱ्यात घेतला तर घरी मोबाइलच्या पडद्यावर सिग्मा (σ) आणि टाऊ (τ) ही चिन्हं सारखीच दिसतात. फोन स्टँडवर कॅमेरा खाली येईल असा टांगायचा, खाली ए-फोर कागद आडवा, जाड काळं पेन. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने दिवा डावीकडे ठेवायचा, नाहीतर हाताची सावली नेमकी अक्षरावर पडते. हा फोन मीटिंगमध्ये वेगळा सदस्य म्हणून येतो. त्याचा माइक म्यूट, आणि आवाज बाहेर पडू नये म्हणून जुना इअरफोन खोचून ठेवायचा.

कॅमेऱ्यावर पैसे घालण्याआधी कॉलर माइक घ्यावा, हे माझं ठाम मत. चित्र अडखळलं तरी मुलं टिकतात, आवाज तुटला की निघून जातात. त्यातून तेव्हा मास्कमुळे ‘स’, ‘श’, ‘फ’ आधीच बोथट व्हायचे. माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावावा. ओढणी किंवा ओळखपत्राची फीत घासली तर पलीकडे खरखर जाते. मोबाइलसाठीच्या माइकच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात. माइक आणि हेडफोनची छिद्रं वेगळी असलेल्या जुन्या लॅपटॉपला तो चालत नाही, मध्ये स्प्लिटर, म्हणजे एका पिनेच्या दोन पिना करणारा जोड, लागतो. ‘माइक खराब निघाला’ म्हणून परत आलेले बरेचसे माइक धडधाकट असतात.

वर्गातल्या मुलाने विचारलेला प्रश्न घरी ऐकूच जात नाही, तेव्हा शिक्षकाने तो आधी मोठ्याने उच्चारावा आणि मग उत्तर द्यावं. चॅट वाचायचं काम पहिल्या बाकावरच्या एकाला द्यावं. शिकवता शिकवता ते होत नाही.

ज्यांचा दिवसाचा दीड जीबी डेटा दुपारीच संपतो त्यांच्यासाठी व्हिडिओ नको. ३२ केबीपीएसवर (सेकंदाला ३२ किलोबिट) साठवलेला तासाभराचा आवाज साधारण १४ एमबी भरतो. त्याला लिहिलेल्या पानांचे फोटो जोडावेत, पानांवर क्रमांक घालावेत आणि बोलताना ‘आता पान ३’ असं म्हणावं.